खुर्चीची जागा

सियावोंगाला पोचलो तेव्हा मुटिंटाबाई
भाजी चिरता चिरता म्हणाल्या,
पाण्यापाशी बसा, हवं तितकं बसा,
फक्त काल बसलात तिथे आज बसू नका.
एवढंच. फलक नाही, सही करायचा कागद नाही.
मी मान हलवली,
विमानात पट्ट्याची सूचना ऐकताना
हलवतो तशी.

आता माझं सांगायचं तर
एकतीस वर्षं जिल्हा कोषागारात काढलेला माणूस मी.
सव्वासहाचा चहा म्हणजे सव्वासहाचाच.
गल्लीतले लोक माझ्यावर घड्याळ लावायचे.
सुट्टीवर आलो म्हणून काय झालं?
निळी खुर्ची, उंबराखाली, पाण्यापासून सात पावलं.
समोर करिबा, एवढं पाणी
की पलीकडचा देश धुरासारखा दिसायचा,
आणि मधे बुडालेल्या रानाचे वाळके शेंडे,
शेंड्याशेंड्यावर एकेक पाणकावळा
हजेरी लावून बसलेला.

दुसऱ्या दिवशी खुर्ची उंबराखाली नव्हती.
पार तिकडे, होडीच्या पलीकडे, उन्हात.
मी उचलून परत आणली.
तिसऱ्या दिवशी कुंपणाला टेकवलेली.
परत आणली.
मनात म्हटलं, कामाची माणसं सगळीकडे सारखीच,
वस्तू जागच्या जागी ठेवतील तर शपथ.

चौथ्या दिवशी खुर्ची सापडेचना.
(बाईंनी ती स्वयंपाकघरात नेऊन
तिच्यावर पिठाची परात ठेवली होती,
हे नंतर कळलं.)
मी तसाच निघालो, कप हातात,
उभ्याउभ्याच पिऊ म्हणून.

उंबराखाली चिखलात एक रुंद घसरण,
कुणी ओलं गोणपाट ओढत आणल्यासारखी.
दोन्ही अंगांना नखांचे ठसे,
मधून शेपटीची वळणदार रेघ,
सही केल्यासारखी.
पाण्यातून निघून ती जिथे थांबली होती
तिथे माझ्या खुर्चीच्या चार पायांची
चार भोकं अजून होती.

म्हणजे पाण्यातही कुणीतरी
माझ्यावर घड्याळ लावत होतं.

चहा कधी सांडला कळलं नाही.
पाणी तसंच. पाणकावळे तसेच.
याच निश्चलपणाला मी तीन दिवस
वा, काय शांतता, म्हणत होतो.

दुपारी बाईंनी मला गावचा पाणवठा दाखवला.
काठाशी रोवलेले खांब, त्यांना जाळी,
पिंजराच तो, पण मगरींसाठी नव्हे.
आत माणसं, बाहेर ती, मोकळी.
लांब काठीला डबा बांधून
पोरी पाणी उपसत होत्या, खिदळत होत्या.
त्यांतली एक, सगळ्यांत धाकटी,
खिदळत नव्हती.
ती नुसती पाण्याकडे बघत उभी होती.
आज बघायचा नंबर तिचा.

जाळी असूनही? मी विचारलं.
जाळी लोखंडाची आहे, बाई म्हणाल्या,
तिला झोप लागत नाही, पण गंज लागतो.

परतताना वाटेत
आपणहूनच बोलल्या:
माझा भाऊ मुन्साका मासेमारीची जाळी धुवायचा,
रोज त्याच दगडावर.
फार शिस्तीचा होता.
पुढे काही नाही.
घरी येऊन अंगणात वाळत घातलेले कापेंटा मासे
एकेक करून उलटे करत राहिल्या,
दोन्हीकडून ऊन लागावं म्हणून.

त्या रात्री भिंतीपलीकडे
कुणीतरी गवत उपटून खात होतं,
मोठ्या तोंडानं, सावकाश.
एरवी दार उघडून बघितलं असतं.
दिवा लावला, आणि पाणघोड्याचं जेवण संपेतो
आतच बसून राहिलो,
पाहुण्यानं बसावं तसा.

शेवटच्या दिवशी मी स्वतःच खुर्ची उचलली.
पाण्यापासून जरा वर, चिंचेपाशी नेली.
चहाही पावणेपाचला मागितला.
स्वतःवरच खूश होतो.

बाईंनी कप हातात दिला,
चिंचेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि म्हणाल्या,
परवा दुपारी पुस्तक वाचत बसला होतात
ते इथेच.